चार दात आणि शंभर वर्षांचं भांडण

आमच्या शाळेच्या काळात दातांना तार लावणं हे आठवी-नववीतल्या मुलांचं प्रकरण होतं. वर्गात दोन-तीन जणांना तार, आणखी दोन-तीन जणांना 'प्लेट' (जी डबा खाताना काढून रुमालात गुंडाळायची आणि नंतर रुमालासकट हरवायची). आता अंधेरीतल्या कुठल्याही आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये बघा. जेवायच्या आधी हळूच तोंडातून पारदर्शक कवच काढून डबीत ठेवणारी तिशीतली माणसं दिसतात. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक नाक्यावरच्या डेंटल क्लिनिकच्या पाटीवर 'ब्रेसेस' आणि 'अलायनर' हे दोन शब्द असतातच.

त्यामुळे आता प्रश्न पडतो तो "कुठल्या ब्रेसेस चांगल्या?" असा. धातूच्या, सिरॅमिकच्या, दातांच्या आतून लावायच्या, की पारदर्शक? मलाही हाच प्रश्न पडला होता. माझं वय ३२, वरचे दात थोडे पुढे आलेले आणि खालचे एकमेकांच्या अंगावर चढलेले. दोन ऑर्थोडॉन्टिस्टना दाखवलं. पहिल्यांनी सांगितलं: चार दात काढा, धातूच्या ब्रेसेस लावा, दोन वर्षं. दुसऱ्यांनी सांगितलं: एकही दात काढायचा नाही, कडा किंचित घासू आणि अलायनर लावू. दोघेही एमडीएस, दोघेही अनुभवी, दोघांनीही नीट तपासलेलं. इनपुट एकच आणि आउटपुट दोन, आणि तीही एकदम उलटी! प्रोग्रामरला अशा वेळी झोप लागत नाही. मग तीन-चार वीकएंड या विषयाच्या इतिहासात घालवले, आणि लक्षात आलं की हे दोन सल्ले म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या भांडणाच्या दोन बाजू आहेत. (मी डॉक्टर नाही, तेव्हा खालचं सगळं वाचकाच्या नात्याने.)

सुरुवात फ्रान्सपासून करू. पिअर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपला मोठा ग्रंथ छापला. त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची पट्टी आहे, आणि वाकडे दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधायचे अशी कृती. म्हणजे एक कमान आणि तिच्याकडे ओढले जाणारे दात. मूळ कल्पना आजही हीच आहे.

पण दात हलतो म्हणजे काय होतं? दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. दातावर हलका पण सततचा दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. जोर वाढवला म्हणून वेग वाढत नाही. उलट गादीचा रक्तपुरवठा तुटतो आणि काम रेंगाळतं. हे लक्षात ठेवा, पुढे जाहिराती वाचताना उपयोगी पडेल.

या विषयाला शास्त्राचं रूप दिलं ते अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी. १८९९ साली त्यांनी चावण्याच्या दोषांचं वर्गीकरण मांडलं. वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कशी बसते ते बघायचं. नीट बसते पण पुढचे दात वाकडे, तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे पडलेली, तर दुसरा. खालची पुढे आलेली, तर तिसरा. सव्वाशे वर्षांनंतरही घाटकोपरच्या क्लिनिकमधल्या केसपेपरवर 'क्लास टू' लिहिलेलं असतं ते अँगल यांचंच. १९०० साली त्यांनी सेंट लुईसला या विषयाची पहिली शाळा काढली.

अँगल हट्टी माणूस. निसर्गाने ३२ दात दिलेत तर ते सगळे बसतील एवढा जबडा वाढवता येतो. एकही दात काढायचा नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. शिकागोचे कॅल्विन केस म्हणाले, सगळ्यांना हे लागू होत नाही, काही तोंडांत जागाच नसते. १९११ साली अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या सभेत यावर जाहीर वाद झाला. अँगल यांच्या बाजूने मार्टिन ड्यूई उभे राहिले. त्या वेळी अँगल यांचा पक्ष जिंकला आणि पुढची वीसेक वर्षं दात काढणं जवळपास पाप ठरलं.

अँगल यांची दुसरी देणगी म्हणजे १९२८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं 'एजवाइज' ब्रॅकेट. आधीच्या गोल तारेने दात नुसता झुकवता यायचा. अँगल यांनी ब्रॅकेटमध्ये आयताकृती खाच पाडली आणि तीत आयताकृती तार बसवली. आता तार पिळली की दाताचं मूळसुद्धा हाडाच्या आत हलवता येऊ लागलं. ती खाच ०.०२२ इंच बाय ०.०२८ इंच होती. तेव्हाची तार सोन्याच्या मिश्रधातूची, म्हणून तिला एवढी जाडी लागायची. पुढे स्टील आलं, ते जास्त कडक, म्हणून काही जणांनी ०.०१८ इंचाची खाच घेतली. आज सोनं गेलं तरी ०.०२२ ची खाच जगभर चालूच आहे. जुन्या सिस्टिमशी सुसंगत राहायच्या नादात आपणही असे आकडे पिढ्यान्‌पिढ्या वागवतो, त्यामुळे मला हे वाचून फारच घरच्यासारखं वाटलं :)

अँगल १९३० साली वारले आणि त्यांच्याच शिष्यांनी त्यांचा नियम मोडला. दोघे, दोन खंडांत, वेगवेगळ्या वाटेने.

पहिले अ‍ॅरिझोनाचे चार्ल्स ट्वीड. गुरूच्या नियमाप्रमाणे दात न काढता त्यांनी काही वर्षं उपचार केले. मग आपलेच जुने पेशंट तपासले, तर अनेकांचे दात पुन्हा वाकडे झालेले आणि ओठ पुढे आलेले. ट्वीड यांनी त्यांच्यावर पुन्हा उपचार केले, या वेळी चार उपदाढा (सुळ्याच्या मागचे दात) काढून. १९४० साली त्यांनी अशा शंभर केसेस आधी-नंतरच्या नमुन्यांसकट सहकाऱ्यांपुढे मांडल्या. आपल्याच कामाचा असा हिशेब उघड्यावर मांडणं सोपं नाही.

दुसरे ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग. अँगल यांच्याकडे शिकून ते १९२५ साली अ‍ॅडलेडला परतले आणि १९२८ पासून त्यांनीही दात काढायला किंवा त्यांची रुंदी कमी करायला सुरुवात केली. त्यांचं कारण वेगळं होतं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जुन्या कवट्या त्यांनी अभ्यासल्या. कडक, रेताड अन्न चावून त्या माणसांचे दात वरून झिजायचेच, पण दोन दातांच्या मधल्या कडाही झिजायच्या, त्यामुळे दातांची रांग आपोआप आखूड व्हायची. बेग यांचं म्हणणं असं की आपण मऊ खातो, झीज होत नाही, म्हणून दातांची गर्दी होते. तेव्हा निसर्गाची झीज डॉक्टरने भरून काढावी. १९५४ साली हे त्यांनी लेखात मांडलं. हा सिद्धान्त आज जसाच्या तसा कोणी मानत नाही. पण अन्नाचा आणि जबड्याचा संबंध आहे याचे पुरावे आहेत. रॉबर्ट कोरुचिनी आणि सहकाऱ्यांनी चंदिगड भागात पाहणी करून १९८३ साली निबंध छापला, त्यात शहरी मुलांमध्ये चाव्याचे दोष खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त निघाले. लहानपणी कमी चावलं की जबडाच कमी वाढतो, असा त्यांचा रोख.

बेग यांचं तंत्रही साधं होतं. बारीक, गोल, लवचिक स्टीलची तार, हलका जोर, आधी दात झुकवून जागा बंद करायची आणि मग लहान स्प्रिंगांनी मुळं सरळ करायची. त्यासाठीची खास तार आर्थर विल्कॉक या धातुतज्ज्ञाने त्यांना बनवून दिली.

आता मुंबईत येऊ, कारण बेग यांचं नाव आपल्या शहरातल्या जुन्या ऑर्थोडॉन्टिस्टना पाठ असतं. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला काढलं. मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज १९३३ साली सुरू झालं. १९४८ साली डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला, आणि १९६५ साली इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी उभी राहिली; डॉ. एच. डी. मर्चंट तिचे पहिले अध्यक्ष. त्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये बेग तंत्राचा जोर होता. कारणं उघड आहेत: सामान थोडं, हलका जोर आणि डोक्याला बांधायच्या पट्ट्यांची सहसा गरज नाही. पण त्याचा अर्थ असाही होता की चार उपदाढा काढणं हा त्या काळच्या उपचाराचा नेहमीचा भाग होता. तुमच्या ओळखीतल्या पन्नाशीच्या एखाद्या मावशीला लहानपणी तार लावली असेल तर विचारून बघा, बहुतेक चार दात कमी निघतील.

तेव्हा उपनगरातल्या पोराला तार लावायची म्हणजे अनेकदा प्रवास आला. पश्चिम रेल्वेवाल्यांनी मुंबई सेंट्रलला उतरून नायर गाठायचं, मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी व्ही.टी.ला उतरून सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज. महिन्यातून एकदा, दोन-अडीच वर्षं. शाळा बुडते, आईची रजा जाते. आज ब्रेसेसच्या किमतीची तुलना करताना आपण फक्त रुपये बघतो; फेऱ्या हाही किमतीचा मोठा भाग आहे, आणि अलायनरच्या लोकप्रियतेचं अर्धं रहस्य त्यातच आहे.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती 'हुशारी कुठे ठेवायची' याची आहे. ट्वीड-बेग यांच्या काळात हुशारी डॉक्टरच्या बोटांत होती. प्रत्येक दातासाठी तार पक्कडीने वाकवायची. शिवाय प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागायचं. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की दाताचं कवच आम्लाने किंचित खडबडीत केलं की त्यावर प्लास्टिक घट्ट बसतं. १९६५ साली जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट थेट दातावर चिकटवलं. सत्तरच्या दशकाअखेर कडी गेली (दाढांवर राहिली) आणि तोंडातला पत्रा एकदम कमी झाला.

मग लॉरेन्स अँड्र्यूज. कधीही उपचार न झालेल्या पण उत्तम दात असलेल्या १२० जणांचे साचे त्यांनी मोजले आणि १९७२ साली आदर्श चाव्याच्या सहा खुणा सांगितल्या. त्या मापांवरून प्रत्येक दातासाठी वेगळं ब्रॅकेट बनवलं, ज्याच्या खाचेतच झुकाव आणि पीळ आधीपासून दिलेला. आता तार सरळ ठेवायची, दात आपोआप जागेवर. थोडक्यात, जो कोड दर वेळी हाताने लिहावा लागायचा तो लायब्ररीत गेला. त्याच सुमारास आयोवाचे जॉर्ज आंद्रेआसन यांनी अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू दातांसाठी आणला. ही तार कितीही वाकवा, पुन्हा मूळ आकाराला यायला बघते, आणि तेही हलक्या, सततच्या जोराने. हाडाला नेमकं हेच हवं असतं. १९८७ च्या सुमारास सिरॅमिकची ब्रॅकेट्स बाजारात आली, ती मात्र दिसू नयेत म्हणून.

आणि अलायनर? त्यांचा आजोबा १९४५ सालचा आहे. इंडियानाचे हॅरॉल्ड केसलिंग यांनी साच्यातले दात कापून, सरळ मांडून, त्यावर रबराचं एक कवच बनवलं. ते घातलं की शेवटची किरकोळ हालचाल व्हायची. मालिकेने अशी कवचं बनवली तर मोठी हालचालही होईल, हेही त्यांनी लिहून ठेवलं होतं. पण दर टप्प्याला हाताने साचा कापणार कोण? (गंमत म्हणजे हेच केसलिंग पुढे बेग तंत्राचे अमेरिकेतले मोठे प्रचारक झाले.) उत्तर मिळायला कॉम्प्युटर यावा लागला. १९९७ साली झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. दात पडद्यावर हलवायचे, प्रत्येक टप्प्याचा साचा थ्री-डी प्रिंटरवर काढायचा, त्यावर प्लास्टिक ओढायचं. एकेक कवच दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतं. सुरुवातीला पडद्यावरचं हे काम लाहोरमध्ये व्हायचं.

अलाइनची सुरुवातीची महत्त्वाची पेटंट्स २०१७ साली संपली, आणि हा धंदा जगभर खुला झाला. आपल्याच अंधेरीत कार्यालय असलेली लक्ष्मी डेंटल 'इल्युजन' नावाचे अलायनर बनवते. तिचे कारखाने मीरा रोड आणि बोईसरला आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे जे सामान एकेकाळी परदेशातून यायचं ते आता बोरिवलीच्या पुढच्या स्टेशनांवर बनतं.

आता तुलना. धातू आणि सिरॅमिक यांचं काम एकच. सिरॅमिक दिसत नाही, पण ठिसूळ असतं, तार त्यात जरा अडखळते आणि काढताना दाताच्या कवचाला जपावं लागतं. आतून लावायचे ब्रेसेस पूर्ण अदृश्य, पण जिभेला टोचतात, बसवायला अवघड आणि महाग. 'सेल्फ-लायगेटिंग' म्हणजे खाचेला दार असलेल्या ब्रॅकेट्सने काम लवकर होतं असं सांगतात. सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर उपचाराचा कालावधी त्याने घटलेला दिसत नाही. वाढीच्या वयात खालचा जबडा मागे असेल तर विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली स्कॉटलंडमध्ये शोधलेला 'ट्विन ब्लॉक' चालतो, पण तिशीत त्याचा उपयोग नाही. अलायनर थोडी गर्दी, थोड्या फटी, झुकलेले दात यांना छान. गोल सुळा फिरवणं, दात खाली ओढणं, मुळं लांबवर सरकवणं यात ते कमी पडतात. नील क्रॅविट्झ यांच्या गटाने पडद्यावरची ठरलेली हालचाल आणि प्रत्यक्ष हालचाल ताडून पाहिली: २००९ मध्ये सरासरी ४१ टक्के, २०२० मध्ये ५० टक्के. म्हणून तर मध्येच नवीन स्कॅन आणि नवीन कवचं लागतात. आणि दिवसाचे २०-२२ तास घातले नाहीत तर सगळंच मुसळ केरात.

पण माझा मूळ प्रश्न साधनाचा नव्हताच, चार दातांचा होता. त्या भांडणाचं पुढे काय झालं? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या क्लिनिकमधले चाळीस वर्षांचे कागद विल्यम प्रॉफिट यांनी १९९४ साली मांडले. दात काढलेल्या पेशंटचं प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के, १९६८ मध्ये ७६ टक्के, १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्के. चाळीस वर्षांत माणसांचे जबडे एवढे फुगले आणि आकसले नसणार. दात तेच होते, डॉक्टरांचं मत बदललं. आणि दुसऱ्या सल्ल्यातलं 'कडा घासणं' म्हणजे तरी काय? १९८५ साली जॉन शेरिडन यांनी त्याची पद्धत बसवली. पण मुळात ती बेग यांची ती अश्मयुगीन झीजच, फक्त यंत्राने केलेली! मला वाटलं होतं की दोन डॉक्टर उलटं बोलतायत. दोघेही जागाच करत होते.

मग ठरवायचं कसं? पाठ्यपुस्तकांचा ढोबळ नियम असा: जागेची तूट ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर दात काढायची गरज सहसा नसते, १० किंवा जास्त असेल तर जवळजवळ नेहमीच असते, मधला पट्टा वादाचा. माझी तूट ७ निघाली. म्हणजे बरोबर मधोमध, आणि दोन्ही सल्ले प्रामाणिक. तिथे निर्णय चेहऱ्यावरून होतो. माझे वरचे दात आधीच पुढे आहेत. एकही न काढता सगळे रांगेत बसवले तर ते आणखी पुढे येणार. म्हणून मी चार दात काढायचं ठरवलं, आणि एवढ्या मोठ्या फटी मुळांसकट बंद करायच्या म्हणून धातूची तार. दात पुढे नसलेल्या, ७ मिलिमीटरवाल्या दुसऱ्या माणसाने उलटा निर्णय घेतला तर तोही बरोबरच.

शेवटची गोष्ट मात्र दोन्ही पक्षांना लागू आहे. सिएटलच्या रॉबर्ट लिटल यांनी चार उपदाढा काढून उपचार झालेले ६५ जण, रिटेनर बंद केल्यावर किमान दहा वर्षांनी तपासले (१९८१). खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले एक तृतीयांशाहून कमी. वीस वर्षांनी (१९८८) जेमतेम १० टक्के. दात न काढलेल्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. म्हणजे ट्वीड यांना वाटलं होतं तसं, दात काढले की दात जागेवर राहतात, हे काही खरं ठरलं नाही. दातांची रांग आयुष्यभर सरकत राहते, तार लावलेल्यांची आणि न लावलेल्यांचीही.

तेव्हा मंडळी, क्लिनिकमध्ये गेलात तर "कुठल्या ब्रेसेस?" हा प्रश्न तिसरा ठेवा. पहिला विचारा, "माझी तूट किती मिलिमीटर, आणि जागा कुठून काढणार?" दुसरा, "शेवटी रिटेनर कुठलं, किती वर्षं, आणि तुटलं तर नवीन केवढ्याला?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या दोन उत्तरांतूनच मिळतं. आणि रिटेनरचं उत्तर 'सहा महिने' असं आलं, तर लिटल यांचे आकडे नम्रपणे पुढे करा.